पडझड सर

कुणाच्याही घरी गेले की पडझड सर आधी माणसांकडे बघत नसत, छताकडे बघत. दारातच थांबत, मान वर करत, चौकटीच्या कोपऱ्यावरून नजर सावकाश भिंतीवर उतरवत, भिंतीला तळहात टेकवत आणि मग "नमस्कार" म्हणत. ज्यांना माहीत नसे त्यांना वाटे, गृहस्थ फार देवभोळे दिसतात. माझ्या आईलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. तिनं घाईघाईनं जाऊन देवापुढची विझलेली समई लावली होती.

त्यांचं खरं नाव केडगावच्या घराच्या पाटीवर होतं आणि कोर्टाच्या समन्सवर असे. बाकी सगळीकडे ते पडझड सर. आयुष्यभर तंत्रनिकेतनात पोरांना बांधकाम शिकवून ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर पडलेल्या, खचलेल्या, तडकलेल्या गोष्टी बघणं हेच त्यांचं काम होऊन बसलं. भिंत पडली, टाकी फुटली, नव्या बंगल्याला तडे गेले, की भांडण कोर्टात यायचं. आणि हे कशामुळे झालं ते न्यायाधीशांना सांगायला कुणीतरी जाणकार लागायचा. नगरच्या बाररूममध्ये कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. सरांना ते ठाऊक होतं. एकदा समन्स घेऊन आलेल्या बेलिफाला त्यांनी स्वतःच सांगितलं, "पडझड सर मीच. द्या इकडे."

मी तेव्हा नगरला एका ज्येष्ठ वकिलांकडे नवीनच लागले होते. सरांना जागेवर घेऊन जाणं, फोटो काढणं, टेपचं दुसरं टोक धरणं ही कामं माझ्याकडे आली, कारण ऑफिसातल्या बाकीच्यांना उन्हात ढिगाऱ्यावर चढायची हौस नव्हती. ऑफिसात सगळे मला नावानं हाक मारत. सर पहिल्या दिवसापासून "वकीलबाई" म्हणायचे. "टेप घट्ट धरा, वकीलबाई. तुमचा हात हलला तर तिकडे माझी साक्ष हलेल."

पक्षकार मंडळी गोष्ट सांगायला उतावीळ असत. गाडीतून उतरायच्या आधीच सुरू व्हायचे, शेजाऱ्यानं कसा खड्डा खणला, ठेकेदारानं सिमेंट कसं खाल्लं. सर हात वर करून थांबवायचे. "आधी ढिगारा दाखवा, मग गोष्ट सांगा." माणूस रागवायचा. आपण बोलावलेला माणूस आपलंच ऐकत नाही म्हणजे काय? परतताना सर मला म्हणाले होते, "एकदा गोष्ट कानात शिरली की डोळे तेवढंच शोधत बसतात. माझेही बसतात. म्हणून भीती वाटते."

केडगावातल्याच एका घराचं प्रकरण मला आठवतं. शेजाऱ्यानं तळघर खणलं आणि त्यामुळे आमच्या पक्षकाराची भिंत तडकली, असा आमचा दावा होता. सरांनी खिशातून भिंग काढलं, तड्याच्या आत बॅटरी मारली आणि मला बोलावलं. "काय दिसतं?" मला काहीच दिसेना. "नीट बघा. आत फिकट हिरवा रंग उतरलाय." भिंतीला वरून तोच रंग होता. घर रंगवलं होतं शेजाऱ्याच्या खोदकामाच्या आधी. म्हणजे रंगारी ब्रश मारत होता तेव्हा तडा तिथे होताच. पक्षकार आमचा, सर आम्ही बोलावलेले, आणि निष्कर्ष शेजाऱ्याच्या बाजूचा. आमच्या वकीलसाहेबांनी तो रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. कायद्यानं तो कोर्टापुढे मांडायचं बंधन आमच्यावर नव्हतं. मी सरांना विचारलं, वाईट नाही वाटत? ते म्हणाले, "वकीलबाई, माझं निम्मं काम तुमच्या लोकांच्या कपाटात आहे. वाळवी तरी वाचत असेल."

त्यांच्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एक भाग असे, "मला काय माहीत नाही". पायाची खोली पाहता आली नाही, पावसाच्या पाण्याचं नेमकं सांगता येत नाही, असं तिथे सरळ लिहिलेलं असायचं. वकिलांना हा भाग अजिबात आवडत नसे. समोरच्याला आयतंच हत्यार दिल्यासारखं. पण साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र या माणसाला हलवणं कठीण जायचं. एकदा विरुद्ध बाजूचे वकील आवाज चढवून म्हणाले, "तुम्हाला इथे वादींनीच आणलंय ना?" सर म्हणाले, "हो, त्यांनीच. पण भिंतीला ते माहीत नव्हतं." न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही.

घरी काकूंना त्यांचा त्रास वेगळाच होता. त्यांना हॉलमध्ये झोपाळा हवा होता. सर म्हणायचे, स्लॅबला कडी लावायची तर आधी हिशेब करावा लागेल. तो हिशेब काही झाला नाही. "सगळ्या जिल्ह्याचं छत बघतात," काकू मला म्हणाल्या होत्या, "आणि बायकोला एक झोका घेऊ देत नाहीत." सर पेपरमागून म्हणाले, "पडलीस म्हणजे? साक्षही मलाच द्यावी लागेल." अशा घरात मी कितीदा जेवले असेन, सांगता येत नाही. ते दिवस हलके होते. पुढचं सगळं कोल्हारजवळच्या एका दुपारी बदललं.

माझे वडील, अण्णा, कोल्हारचे. गवंडी म्हणून सुरुवात केली आणि हळूहळू स्वतः कामं घेऊ लागले. घरं, दुकानं, सोसायटीची गोदामं. पुढे आलेला मोठा सज्जा, म्हणजे दारावरचा पोर्च, ही त्यांची खासियत मानली जायची. खांब नाही, टेकू नाही, भिंतीतून नुसता पुढे निघालेला. मनमाड रस्त्यानं जाताना ते मला बोटानं दाखवायचे, "ह्यो आपला. त्यो बी आपला." एका मंगल कार्यालयाचा पोर्चही त्यांनीच बांधला होता. लग्नसराई होती. वरात निघायची होती, ऊन मी म्हणत होतं, आणि बँडमधला क्लॅरिनेट वाजवणारा माणूस सावलीला म्हणून त्या पोर्चखाली उभा राहिला. तो पोर्च त्याच्यावर आला. माणूस जागीच गेला.

अण्णांना अटक झाली, मग जामीन झाला. निष्काळजीपणामुळे मृत्यू, असा गुन्हा. घरी आले ते बोलेचनात. धाकटा भाऊ, जो आता धंदा बघत होता, सगळ्यांना एकच सांगत होता की कार्यालयवाल्यानं मागाहून पोर्चवर पाण्याची टाकी ठेवली, त्या वजनानं पोर्च पडला. आणि ते खोटं नव्हतं, टाकी खरोखरच होती. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "अण्णा, टाकीमुळंच. तुमचं काम पक्कं." अण्णा मान हलवायचे. मग माणूस गेला की मला विचारायचे, "टाकीनंच पडलं आसंल का गं?" मी हो म्हणायचे. थोड्या वेळानं पुन्हा तेच. ताट पुढे तसंच असायचं.

आमच्या वकीलसाहेबांनी केस घेतली आणि टाकीचा मुद्दा सांगायला तज्ज्ञ हवा म्हणाले. मी सरांकडे गेले. सरांनी ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. "वडील तुमचे आहेत, वकीलबाई. दुसरं कुणी बघा." मी ऐकेना. तेव्हा ते कोल्हारला आले, नेहमीसारखं छत बघितलं, आईनं समई लावली ती याच वेळी, आणि मग मला, भावाला, आईला बाहेर जायला सांगून ते अण्णांजवळ बसले. दार उघडंच होतं, म्हणून ऐकू आलं.

"अण्णा, मी एकदा बघितलं की मग न बघितल्यासारखं करता येत नाही मला. चालेल का?"

 अण्णा म्हणाले, "सर, मला झोप न्हाई. तुमी बघा."

कोर्टाची परवानगी घेऊन आम्ही जागेवर गेलो. पोर्च भिंतीपासून मोडून समोर उताणा पडला होता, टाकी फुटून बाजूला. सर टाकीकडे गेलेच नाहीत. जिथून तुकडा तुटला होता तिथे, भिंतीपाशी, उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. माझा भाऊ घड्याळ बघत होता. शेवटी सरांनी हाक मारली. मला नाही, अण्णांना.

अण्णा वाकले. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. असा पुढे आलेला सज्जा पेलतं ते त्याच्या वरच्या अंगात असलेलं लोखंड. इथे सगळ्या सळया खालच्या अंगाला दिसत होत्या.

"लोखंड खाली गेलंय," अण्णा म्हणाले.

"हो."

"तुडवलं पोरांनी. काँक्रीट वतताना."

"तसंच दिसतंय. खाली टेकण द्यायला हवं होतं, वर फळ्या टाकायला हव्या होत्या चालायला."

"आमचं आसंच चालायचं, सर. कायम." अण्णांनी एक सळई हातात धरली होती, ती सोडली नाही. "आन् टाकी?"

"टाकीनं त्या दिवशी पाडलं. टाकी नसती तर आणखी कधीतरी पडलं असतं. पाऊस साचून, नाहीतर वरात बघायला चार माणसं वर चढून."

भावाच्या तोंडून शिवी गेली. कुणाला दिली ते कळलं नाही.

सरांनी रिपोर्ट दिला. त्यात टाकी होती, मालकानं कुणाला न विचारता ती चढवली हेही होतं, पण पहिलं कारण लोखंड होतं. वकीलसाहेबांनी तो वाचून नेहमीसारखी घडी घातली. "हा राहू द्या," ते म्हणाले. "पुण्याहून एक गृहस्थ बोलावतो. ते टाकीवर चांगलं लिहितील." भाऊ तयारच होता. मीही तयार होते, हे लिहायला मला संकोच नाही. वकील म्हणून ते चूक नव्हतं आणि लेक म्हणून तर मला अण्णा सुटायला हवे होते. आई म्हणाली, "काय करायचं ते करा, पन त्येनला घरी ठिवा." अण्णा फक्त ऐकत होते.

मग तालुक्याच्या कोर्टात तारीख होती. वकीलसाहेबांना एका जुन्या केसमधला मुद्दा विचारायचा होता म्हणून सरांनाही बोलावलं होतं. व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो. त्या बँडवाल्याची बायको दिराबरोबर समोर उभी होती. ती प्रत्येक तारखेला यायची, आणि प्रत्येक तारखेला तिला पुढची तारीख सांगितली जायची. त्या दिवशी ती सरळ सरांपाशी आली.

"तुमीच का ते बघनारे?"

सर उठून उभे राहिले. "हो."

"त्येनला कळलं आसंल का ओ? पडताना?"

"ते मला माहीत नाही, ताई."

तिनं ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "कशानं पडलं मग? मला कुनीच सांगत न्हाई. ह्ये म्हनत्यात टाकी, त्ये म्हनत्यात सिमेट."

मी सरांच्या बाहीला हात लावला. ते आमचे तज्ज्ञ होते, रिपोर्ट आमच्या कपाटात होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "हात असा पुढे धरा," ते तिला म्हणाले. तिनं उजवा हात समोर ताठ धरला. सरांनी आपली कापडी पिशवी तिच्या मनगटावर अडकवली. "आता ताण कुठे येतोय?"

तिनं दुसऱ्या हातानं खांद्याचा वरचा भाग दाबून दाखवला. "हितं."

"बरोबर. पोर्चचंही तसंच असतं. तिथे वर लोखंड पाहिजे होतं. ते खाली गेलं होतं."

"मुद्दाम?"

"नाही."

"मंग?"

"लक्ष नव्हतं."

सरांनी पिशवी काढून घेतली तरी तिचा हात तसाच पुढे राहिला. ती त्याच्याकडे बघत होती. मग तिनं तो सावकाश खाली घेतला, पदर सारखा केला आणि दिराजवळ जाऊन उभी राहिली. अण्णा बाकावरून सगळं बघत होते.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "मी कबूल करनार हाय." भाऊ ओरडला, रडला, म्हणाला की नाव गेलं तर आपल्याला गावात कोण काम देईल. अण्णा म्हणाले, "त्या बाईचा हात बघितला का तू? मी बघितला." एवढंच.  त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. वय बघून, टाकीचाही दोष बघून शिक्षा कमी झाली, पण तुरुंग चुकला नाही.

सरांनी केलं ते बरोबर होतं का? मला आजही ते पूर्ण पटलेलं नाही. पक्षकारासाठी काढलेलं मत समोरच्या बाजूला जाऊन सांगायचं नसतं. वकीलसाहेबांनी त्यांना माझ्यासमोर सुनावलं, आणि सुनावलं ते योग्यच होतं. सरांनी वादही घातला नाही. अण्णांना कोल्हारला सोडून नगरला परतताना गाडीत मी रागानं विचारलं, "का सांगितलंत?" ते खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत होते. "तिनं विचारलं," ते म्हणाले. केडगावला ते उतरले, मी दारातूनच परतले. त्यानंतर कित्येक महिने मी त्यांच्या घरी गेले नाही.

बातमी बाररूममध्ये पसरायला वेळ लागला नाही. पडझड सर कुणालाही काहीही सांगतात. त्यांना बोलावणं बंद झालं. पुण्याचे गृहस्थ येऊ लागले, चांगला सूट घालून, आणि त्यांच्या रिपोर्टात शेवटचा तो भाग नसे. सर तरीही कधीमधी कोर्टात दिसायचे. कुणाची तरी साक्ष ऐकत मागच्या बाकावर बसलेले असायचे. वकील त्यांना ओळख देत, पण थांबत नसत. मला ते बघवत नसे आणि जाऊन बोलवतही नसे.

तुरुंगात अण्णांना भेटायला मी जायची, आई जायची. तिथल्याच एका शिपायानं मला सांगितलं की केडगावचे एक मास्तर नेमानं येतात. मी अण्णांना विचारलं, "काय बोलता तुम्ही दोघं?" "काय न्हाई," ते म्हणाले. "बांधकामाचं." भाऊ एकदाही गेला नाही. अण्णा सुटले त्या दिवशी फाटकाबाहेर मी होते आणि जरा दूर, झाडाखाली, सर होते. तिथेच मी त्यांच्याशी पुन्हा बोलले. "बऱ्या आहात ना, वकीलबाई?" एवढंच त्यांनी विचारलं.

घरी पोचून चहासुद्धा घेतला नाही तोवर अण्णा सरांना म्हणाले, "मी बांधलेलं सगळं सज्जं बघायचंत. तीच पोरं, तीच पद्धत. आनखी कुठं कुठं लोखंड खाली आसंल?"

आणि दोघं निघाले. अण्णांचा जुना टेम्पो, त्यात जॅक, टेकू, आणि सरांचं भिंतीतलं लोखंड शोधणारं यंत्र. सळईच्या जवळ नेलं की ते बारीक वाजायचं. राहुरी, राहाता, प्रवरेच्या काठची गावं. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जायची. अण्णा दार वाजवून म्हणायचे, "मी बांधलेला तुमचा सज्जा बगू द्या. चुकला आसंल तर माज्या हातानं पाडून नीट करून दीन." काही घरांतून चहा मिळाला. काही ठिकाणी लोक धावून आले. इतकी वर्षं उभा आहे, आता कुठला अपशकुन घेऊन आलात म्हणाले. एका म्हाताऱ्यानं अण्णांना तोंडावर विचारलं, "माणूस मारून आलास ना रे तू?" अण्णा "व्हय" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. म्हातारा आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "बग मग."

बरेचसे सज्जे ठीक निघाले. काही नाही. जे नव्हते ते अण्णांनी पाडले, एक दोन तर स्वतः, या वयात घण घेऊन. भावाची धुसफूस चालूच होती. आपणच आपल्या धंद्याला चूड लावतोय, असं त्याचं म्हणणं. आणि व्यवहार बघता ते चुकीचं नव्हतं. पण एका संध्याकाळी अण्णांचा खांदा इतका दुखत होता की हात वर होईना, तेव्हा तोच तेल घेऊन मागे बसला.  दुसऱ्या दिवशी घण चालवायला त्यानं दोन माणसं पाठवली.

कोपरगावचं एक कापडाचं दुकान मात्र राहिलं. भर रस्त्यावर, वर्दळीच्या जागी, आणि सज्जा अण्णांनी बांधलेल्यांत सगळ्यात मोठा. मालक ऐकेना. खालून शोभेचं खोटं छत मारलं होतं, वर मोठी जाहिरातीची पाटी. यंत्र लावायला त्यानं हातही लावू दिला नाही. "तुम्ही इथे टकटक करत बसलात तर गिऱ्हाईक खाली उभं राहील का?" सर म्हणाले, "उभं राहू नये म्हणूनच तर आलोय." त्यावर त्यानं शटरच ओढलं. दोघं पुन्हा पुन्हा गेले. तो दुकानात असूनही नोकर नाही म्हणून सांगायचे.

मग सर आजारी पडले. मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. नगरच्या दवाखान्यात आम्ही भेटायला गेलो तेव्हा काकू मोसंबी सोलत बसल्या होत्या. सर अगदी बारीक दिसत होते. अण्णा पायाशी उभे राहिले. सरांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कोपरगावचं काय झालं?"

अण्णा एकदम म्हणाले, "बघितला, सर. ठीक हाय."

"उघडून?"

"व्हय. उघडून बघितला. लोखंड वर हाय."

सरांनी थोडा वेळ अण्णांकडे बघितलं. "बरं झालं," ते म्हणाले. काकूंनी मोसंबीची फोड त्यांच्या ओठांना लावली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "अण्णा, कधी उघडला?" अण्णा म्हणाले, "न्हाई उघडला. जीव धरून पडलाय मानूस, त्येला काय सांगू?" आणि जिन्यावर बसून तोंड झाकून घेतलं.

त्याच आठवड्यात सर गेले. केडगावहून अमरधाम स्मशानभूमीत आलेल्या माणसांत जुने विद्यार्थी बरेच होते, वकील थोडे. आमचे वकीलसाहेब आले होते. ते माझ्याजवळ उभे राहून म्हणाले, "मोठा माणूस. पण कामाला अवघड." 

अमरधामातून बाहेर पडल्यावर अण्णा घरी आले नाहीत. टेम्पो घेऊन सरळ कोपरगावला गेले. मी त्यांच्यामागून गाडीनं गेले, कारण मला त्यांची भीती वाटत होती. दुकानात गर्दी होती. अण्णा काउंटरपाशी जाऊन उभे राहिले. डोक्यावरचा टॉवेल अजून ओला होता.

"शेठ," ते म्हणाले, "मागं माज्याबरबर यायचे ते सर आज गेले. त्येनला मी खोटं सांगितलं, की तुमचा सज्जा बघितला म्हनून. आता येवडं एक भोक पाडू द्या. निघाला नीट तर पुन्यांदा तोंड दाखवनार न्हाई."

मालक कपड्याचं ठाण घेऊन तसाच थांबला. मग त्यानं नोकरांना सांगितलं, गिऱ्हाइकांना मागच्या दारानं काढा.

अण्णांनी पाटी उतरवली, शिडी लावली आणि भिंतीला लागून वरून छिन्नी मारायला सुरुवात केली. लोखंड लागायला हवं होतं तिथे लागलं नाही. ते आणखी खोल गेले. नुसतं काँक्रीट. मालक खालून विचारत होता, "काय आहे? काय आहे?" अण्णांनी शिडीवरूनच सांगितलं, "समद्यास्नी लांब करा." आधी टेकू लावले, मग मला म्हणाले, "भावाला फोन लाव. मानसं घिऊन ये म्हनावं." भाऊ आला. दोघा बापलेकांनी मिळून तो सज्जा उतरवला. अण्णांनी तुकड्यांतली एकेक सळई हात लावून बघितली आणि एकीकडे रचून ठेवली.

त्यानंतर काही दिवसांनी अण्णांना केडगावला जायचं होतं. काकूंना सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मी घेऊन गेले. काकूंनी पाणी दिलं, अण्णांनी ते तसंच समोर ठेवलं. आणि सगळं सांगितलं: दवाखान्यात आपण काय बोललो, ते कसं खोटं होतं, आणि उघडल्यावर लोखंड कुठे निघालं. बोलताना ते काकूंकडे बघत नव्हते.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान वर केली.

"तुम्ही दोघं गेलात आणि हे मला म्हणाले, 'अण्णांनी उघडलेला नाही.' मी म्हटलं, मग तोंडावर का नाही विचारलंत? तुमचा स्वभाव तर तसा नाही. तर म्हणाले, 'असू दे. जातील ते उघडायला.'"

 अण्णा उठले, काकूंना वाकून नमस्कार केला, वयानं त्या त्यांच्याहून लहान असूनही. बाहेर येऊन चपला घातल्या आणि पायरीवरच बसले. मी गाडी वळवून दारात आणली, हॉर्न दिला, तरी ते बराच वेळ उठले नाहीत.